बाबांचं ११ जीबी टपाल आणि फुकटातला ई-मेल प्रोग्रॅम

रानजाई:

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

माझे बाबा सांगलीत असतात. वय ७४. कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि हे काम कॉलेजपेक्षा जास्त मनावर घेतात. त्यांच्या २०११च्या डेस्कटॉपवर विंडोज ७ आणि त्यात विंडोज लाइव्ह मेल. २००४पासूनचं सगळं टपाल त्यात साठलंय, ११ जीबी. खाती दोन. एक जीमेलचं, दुसरं इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीचं. ते दुसरं केव्हाच बंद झालं. म्हणजे त्या काळातली पत्रं उभ्या जगात फक्त त्या एका हार्ड डिस्कवर आहेत, आणि ती डिस्क आता रोज सकाळी चालू करताना कटकट वाजते.

नवीन मशीन आणलंय. विंडोज ११, ८ जीबी रॅम. "ब्राउझरमध्ये जीमेल उघडत जा की," असं मी म्हणून पाहिलं. "म्हणजे आपलं पत्र वाचायला दुसऱ्याच्या घरी जायचं. मला माझं टपाल माझ्या कपाटात पाहिजे," इति बाबा. त्यांच्याशी वाद घालू नये हे मी तिसरीत असतानाच शिकले.

तर हवंय असं: जुनं टपाल नव्या मशीनवर यावं, नेट गेलं तरी वाचता यावं, मराठी अक्षर नीट आणि मोठं दिसावं, आणि मी बंगळुरूहून फोनवर "आता डावीकडचं तिसरं बटण दाबा" असं सांगू शकेन इतपत ते सरळ असावं. पैसे द्यायचे नाहीत. (बाबांची अट. मी दिले असते.)

शनिवार-रविवारी माझ्या लॅपटॉपवर तीन प्रोग्रॅम टाकून बघितले. थंडरबर्ड: पहिल्या नजरेला गजबजलेला वाटला, पण जीमेल दोन मिनिटांत जोडलं गेलं. ईएम क्लायंट: तिघांत सगळ्यात देखणा, फुकट आवृत्तीत दोनच खाती. नवीन आउटलुक: विंडोज ११मध्ये आयताच मिळतो, पण जाहिरात मेलच्या यादीत पत्रासारखीच बसलेली असते. बाबा ती उघडणार, एवढंच नाही, तिला उत्तरही लिहिणार.

कुणी यातलं रोज वापरतं का? क्लॉज मेल नावाचंही काहीतरी ऐकलंय.

कापूसकोंडा:

आधी डिस्कची कॉपी करा, मग चर्चा. कटकट आवाज करणाऱ्या डिस्कवर प्रयोग करत बसू नका. लाइव्ह मेल प्रत्येक पत्र वेगळ्या ईएमएल फाइलमध्ये ठेवतो. बाबांच्या युजर फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा लपवलेलं असतं, 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. ते अख्खं फोल्डर आज रात्री एका पोर्टेबल डिस्कवर उतरवा. कुठला प्रोग्रॅम घ्यायचा ते महिनाभर भांडून ठरवू.

सदाशिव_पेठी:

२०११चं मशीन १० वर्षं जास्त चाललं, त्याला आता निरोप द्या. आणि ई-मेल प्रोग्रॅम हवाय कशाला? ब्राउझरमध्ये सगळं आहे. शोध आहे, स्पॅम अडवणं आहे, बॅकअपची चिंता नाही. १५ जीबी फुकट. वडिलांना समजवा.

जुनाखोड:

सदाशिवपंत, ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत. ड्राइव्ह आणि फोटो त्याच पोत्यात. ज्यांच्या फोनवरून नातवंडांचे व्हिडिओ चढतात त्यांचं पोतं केव्हाच भरतं, आणि भरलं की नवीन मेल यायचंच थांबतं. शिवाय दोन वर्षं खात्याकडे फिरकलं नाही तर गूगल ते खातं मिटवू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३पासून अमलात आला. बाबा रोज बघतात, त्यांना धोका नाही. पण "दुसऱ्याच्या घरी" हे त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

रानजाई, प्रोग्रॅमचं नाव नंतर. आधी पॉप की आयमॅप ते ठरव, लोकांचं घोडं तिथे अडतं. पॉप म्हणजे पोस्टमनकडून पत्र घेऊन घरी आणणं. आयमॅप म्हणजे पोस्टात आपली पेटी आहे आणि घरात तिचा आरसा लावलाय. आरशात सगळं दिसतं, नेट नसतानाही दिसतं, पण तिकडे पेटीतून पत्र काढलं की आरशातूनही गेलं. आयमॅप १९८६मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी रचला, तो एकच माणूस अनेक मशीनवरून टपाल बघेल म्हणून. तुझ्या बाबांकडे स्मार्टफोन आहे का? असेल तर तोच मोठा प्रश्न.

माझं मत विचारशील तर क्लॉज मेल. २००१पासून आहे, सिल्फीड नावाच्या जपानी प्रोग्रॅममधून फुटून निघाला. २ जीबी रॅमच्या मशीनवर पळतो. प्रत्येक पत्र वेगळी फाइल. जाहिरातबाजीची चित्रं दाखवतच नाही.

टंकाळा:

काका, क्लॉज मेलमध्ये साधा मजकूरच लिहिता येतो हे सांगायचं राहिलं. ठळक अक्षर नाही, तक्ता नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला थकबाकीचा तक्ता मेलमध्ये चिकटवायचा असतो. आणि जीमेलचं लॉगिन करायला गूगलकडे स्वतःच्या नावाने नोंदणी करून चावी आणा, नाहीतर ॲप पासवर्ड (एका प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड) काढा. ७४ वर्षांच्या माणसाला?

जुनाखोड:

ॲप पासवर्ड एकदाच काढायचा असतो. १६ अक्षरं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असलं की मिळतो. माझं वय ७१ आहे.

टंकाळा:

तुम्ही तुमच्या वयाचे प्रतिनिधी नाही काका. :)

मी ईएम क्लायंटवाली, चार वर्षं. प्रागच्या कंपनीचा आहे. मेल, कॅलेंडर, पत्त्यांची वही सगळं एका खिडकीत. सगळ्यात महत्त्वाचं, तो विंडोज लाइव्ह मेलमधून थेट आयात करतो, थंडरबर्डसारखी वेगळी जोडणी (ॲड-ऑन) शोधावी लागत नाही. आतच बॅकअपची सोय आहे, वेळ ठरवून दिली की तो आपला आपण करतो. दोन खात्यांची मर्यादा बाबांना आडवी येत नाही, एक तर बंदच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, फुकट परवाना खासगी वापरापुरता. सोसायटीचं काम त्यात धरायचं का, यावर आमच्याकडे नवऱ्याशी वाद झाला होता. तो सीए आहे, त्याने ऑफिसच्या मशीनवरून ताबडतोब काढून टाकला.

फ्रँकफुर्टची_मावशी:

नवीन आउटलुकबद्दल जरा सविस्तर, कारण इथे जर्मनीत त्यावर बरंच रण माजलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये इथल्या हायझे ऑनलाइन या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटने दाखवून दिलं की नवीन आउटलुकमध्ये तुम्ही दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं जोडलंत तर त्याचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो आणि तुमच्या पत्रांची प्रत तिथून फिरून तुमच्याकडे येते. तुमच्या मशीनचं आणि जीमेलचं बोलणं मधल्या माणसामार्फत होतं. लपवून नाही, खातं जोडताना 'मायक्रोसॉफ्ट क्लाउडशी सिंक' अशी पाटी येते. पण ती वाचून 'कंटिन्यू' दाबणारे किती?

विंडोजच्या जुन्या 'मेल' ॲपचं पाठबळ ३१ डिसेंबर २०२४ला संपलं, तेव्हा घरोघरचे लोक आपसूक या नव्याकडे ढकलले गेले. चांगलं-वाईट ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमच्या बाबांची अट 'माझ्या कपाटात' अशी असेल तर हा त्या अटीच्या बरोब्बर उलटा आहे.

मी स्वतः थंडरबर्ड वापरते, कंटाळवाणा आहे म्हणून. ई-मेल प्रोग्रॅमने करमणूक करू नये.

रानजाई:

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री शेजारच्या मुलाला बसवून फोल्डर उतरवलं. पाच तास लागले, डिस्क तीनदा अडखळली, पण आलं. कापूसकोंडा, तुमच्या पहिल्या ओळीचे उपकार.

बाबांकडे स्मार्टफोन आहे आणि त्यावर जीमेल आहे. म्हणजे आयमॅपच, नाही का?

आणि मावशी, नवीन आउटलुक बाद. बाबांना 'मधला माणूस' हा शब्द सांगितला, पुढे बोलावं लागलं नाही.

वडवानल:

थंडरबर्ड घेणाऱ्यांना एक पोळलेला अनुभव. थंडरबर्ड मूळच्या रचनेत अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवतो, एमबॉक्स म्हणतात त्याला. पत्रांची एकामागून एक शिवलेली वही समजा. २०१८मध्ये माझ्या मशीनवरच्या अँटिव्हायरसला एका मेलच्या अटॅचमेंटमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं, आणि त्याने ते पत्र नव्हे, ती अख्खी वहीच उचलून कोठडीत टाकली. सकाळी इनबॉक्स कोरा. सहा हजार पत्रं. घाम फुटला होता.

परत मिळालं, कोठडीतून सोडवता येतं. पण धडा: सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली अँटिव्हायरसचा एक चौकोन आहे. त्यावर टिक केली की पॉपने येणारं प्रत्येक पत्र वहीत शिवण्याआधी वेगळ्या फाइलमध्ये तपासायला मिळतं. पहिल्याच दिवशी करा.

त्याच वहीचा दुसरा नमुना: पत्र डिलीट केलं तरी ते वहीत असतंच, फक्त त्यावर काट मारलेली असते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केलं की मग जागा सुटते. लोक म्हणतात, "इतकं डिलीट केलं तरी फोल्डर १० जीबीचंच कसं?" ते असं.

निवांत:

वडवानल, त्यावर उपाय आहे. खातं उघडण्याआधी साठवणीचा प्रकार बदलून 'प्रत्येक पत्राला एक फाइल' करता येतो. खातं आधीच जोडलं असेल तर मात्र सोपं नाही.

सदाशिव_पेठी:

हे सगळं वाचून ब्राउझरवरचं प्रेम वाढलं.

टंकाळा:

+१, पण कबूल करणार नाही.

कापूसकोंडा:

आता आयातीचं. ईएम क्लायंट घेतलात तर टंकाळा म्हणतात तसं, मेन्यूतून थेट. थंडरबर्ड घेतलात तर 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' ही जोडणी टाका. 'लोकल फोल्डर्स'खाली 'जुनं टपाल' असं फोल्डर करा, त्यावर राइट क्लिक, फोल्डरातले सगळे ईएमएल आयात करा, उपफोल्डरांसकट. ११ जीबी एका दमात घेऊ नका. वर्षावर्षाचे किंवा खात्याखात्याचे गठ्ठे करा. जुनं मशीन चालू आहे तोवर लाइव्ह मेलच्याच एक्स्पोर्टमधूनही एक प्रत काढून ठेवा, त्यात फोल्डरांची उतरंड जशीच्या तशी येते.

आणि ते 'लोकल फोल्डर्स'मध्येच ठेवा. चुकून जीमेलच्या फोल्डरात ओढलंत तर सगळं वर चढायला लागेल आणि जुनाखोड काकांचं पोतं एका रात्रीत भरेल.

निवांत:

मराठीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. रानजाई, २००४-०६ची पत्रं उघडली की त्यातली काही "ËæÞÔ" छापाची दिसतील. बाबांना वाटेल प्रोग्रॅमने खाल्ली. नाही. तेव्हा युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एक सामायिक पद्धत) घरोघरी पोचलं नव्हतं, लोक शिवाजी, योगेश, श्रीलिपी असले फॉन्ट वापरून लिहायचे. पत्रात प्रत्यक्षात रोमन खुणाच आहेत, फॉन्टने त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला होता. कुठलाही प्रोग्रॅम घ्या, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर गचाळच दिसणार. जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरातले सगळे फॉन्ट उतरवून घ्या. आताच. मशीन गेलं की ते फॉन्ट शोधत बसणं महाकठीण.

दुसरा प्रकार, मजकूर युनिकोडच आहे पण पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पाकिटावर चुकीची लिपी लिहिली. त्याला थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू' मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, बऱ्याचदा एका टिचकीत अक्षर उजळतं.

अक्षर मोठं करायला: सेटिंग्ज, 'लँग्वेज अँड अपिअरन्स', फॉन्टच्या पुढचं 'ॲडव्हान्स्ड'. वरच्या यादीत देवनागरी निवडा, निर्मला फॉन्ट आणि किमान आकार १८ द्या. हे लॅटिनसाठी वेगळं करावं लागतं, नाहीतर मराठी मोठं आणि इंग्रजी मुंगीएवढं. डावीकडची यादी आणि मेन्यूचं अक्षर वेगळ्या ठिकाणी वाढतं, वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेन्यूत.

आणि एक गंमत. शोधात 'दुसऱ्या' टाइप केलं आणि पत्र सापडलं नाही तर घाबरू नका. तो 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या त्या दोन गोष्टी मशीनच्या लेखी वेगळ्या आहेत. 'दुस' एवढंच टाकून शोधा.

रानजाई:

निवांत, फॉन्टचं वाचून अंगावर काटा आला, लगेच फोन केला. फॉन्ट फोल्डरात योगेश आणि शिवाजी दोन्ही सापडले.

मधल्या काळात माझ्या हातून एक माती झाली. थंडरबर्ड आयमॅपवर लावला, सगळं टपाल उतरलं, बाबा खूश. दोन दिवसांनी बाबांनी बसमध्ये बसल्या बसल्या फोनवरचं जीमेल 'साफ' केलं. "कॉम्प्युटरवर आहेच की," म्हणून तीनेकशे पत्रं उडवली. घरी आले तर कॉम्प्युटरवरूनही गायब. काकांनी आरसा म्हणून सांगितलं होतं, मी ते बाबांपर्यंत पोचवलंच नव्हतं. कचऱ्याच्या फोल्डरात ३० दिवस राहतात म्हणून वाचलो.

आता काय करू? पॉप लावू?

जुनाखोड:

मला वाटलंच होतं. पॉप लाव. पत्र घरी आलं की आलं. जीमेलच्या सेटिंगमध्ये पॉप चालू करून 'जीमेलची प्रत इनबॉक्समध्ये राहू दे' हे निवड. मग फोनवर त्यांनी काय वाटेल ते उडवावं.

फ्रँकफुर्टची_मावशी:

काका, पण मग वाचलेलं-न वाचलेलं फोनला कळणार नाही, आणि ते रोज फोनवर तेच टपाल पुन्हा बघतील. मी आईकडे हे करून पाहिलंय. महिनाभरात ती म्हणाली, "दोन्हीकडे वेगवेगळं दिसतं, खरं कुठलं?"

रानजाई, आयमॅपच ठेव, आणि थंडरबर्डमध्ये एक फिल्टर लाव: इनबॉक्समध्ये येणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल 'लोकल फोल्डर्स'मधल्या 'कपाट' फोल्डरात टाक. हलवायचं नाही, नक्कल. आरसा आरशाच्या जागी, कपाट कपाटाच्या जागी. फोनवरून कपाटाला हात लागत नाही. पाठवलेली पत्रं महिन्यातून एकदा हाताने नक्कल करून टाकायची.

जुनाखोड:

ही युक्ती चांगली आहे. पॉपचा मुद्दा मागे घेतो. क्लॉजचा नाही.

टंकाळा:

ईएम क्लायंटमध्येही असे नियम लावता येतात, फक्त नोंदीला असू द्या.

वऱ्हाडी_ठेचा:

मधात बोलतो, माफी असावी. थंडरबर्ड फुकट आहे ते ठीक, पण उद्या बंद पडला तर? २०१२ मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाने त्याच्यावरचं काम कमी करतो म्हटलं होतं न? माझ्या मोठ्या भावाची यूडोरा, तिही ई-मेल प्रोग्रॅमच, अशीच गेली. लई जीव होता त्याचा तिच्यावर.

जुनाखोड:

यूडोरा! १९८८मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिली. पुढे क्वालकॉमकडे गेली, २००६मध्ये त्यांनी हात काढून घेतला. २०१८मध्ये तिचा सोर्स कोड कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे प्रोग्रॅम म्युझियममध्ये गेला. पण तुमच्या भावाची पत्रं गेली का? यूडोराची फाइल म्हणजे जवळजवळ ती एमबॉक्सवालीच साधी मजकुराची वही. आजही नोटपॅडमध्ये उघडा, शब्द दिसतील. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आउटलुक एक्स्प्रेसची डीबीएक्स फाइल अशी सरळ वाचता येत नाही.

अवांतर: पेगासस मेल आठवतो कुणाला? न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा, १९९०पासून फुकट. एकट्या माणसाने इतकी वर्षं ओढलेला गाडा.

कापूसकोंडा:

ठेचाभाऊ, २०१२चं बरोबर आहे. तेव्हा तो अडगळीत पडल्यासारखा झाला होता. २०२०च्या जानेवारीपासून मोझिला फाउंडेशनच्याच एका वेगळ्या कंपनीकडे दिला, खर्च वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर. वर्षातून कधीतरी 'देणगी द्या' अशी पाटी येते ती त्याचीच. २०२३च्या जुलैत ११५ आवृत्तीने त्याचं घर नव्याने रंगवलं, २०२४मध्ये अँड्रॉइडवर आला. त्यामुळे सध्या तरी धाकधूक नाही. अर्थात सध्या.

पण काकांचा मुद्दा जास्त कामाचा आहे. प्रोग्रॅम घेताना मी आता एवढंच बघतो: आतलं टपाल ईएमएल किंवा एमबॉक्स म्हणून बाहेर काढता येतं का? थंडरबर्ड त्याच रूपात ठेवतो. क्लॉजही. ईएम क्लायंट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, पण ईएमएल काढून देतो, म्हणजे पास. जो काढून देत नाही तो कितीही देखणा असो, त्याच्याशी सोयरीक नको.

वऱ्हाडी_ठेचा:

भाऊच्या जुन्या सीडीत यूडोराचं फोल्डर हाय. रविवारी उघडून पाहतो.

चिंचपोकळी_लोकल:

वाचतोय. लिनक्स मिंटवर थंडरबर्ड आधीच बसवलेला येतो, म्हणून मी कधी विचारच केला नाही. ऑफिसचं एक्स्चेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसच्या मेलचं) खातं असेल तर एव्होल्यूशन हा प्रोग्रॅम बरा पडतो, निदान मला पडला. थंडरबर्डला एक्स्चेंज आता जोडणीशिवाय जमायला लागलंय, १४५ आवृत्तीपासून. गिअरी हा आणखी एक प्रोग्रॅम दिसायला गोंडस, पण पॉप नाही.

टंकाळा:

विषय घरच्या कॉम्प्युटरचा आहे. ऑफिसचं टपाल घरी आणणाऱ्यांना वेगळा धागा आणि वेगळा डॉक्टर.

वडवानल:

रानजाई, दोन गोष्टी राहिल्यात. एक, थंडरबर्डला 'प्रायमरी पासवर्ड' लावा. तो नसेल तर त्या खुर्चीत बसणारा कुणीही सेटिंगमध्ये जाऊन साठवलेले पासवर्ड उघडे वाचू शकतो. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खुर्चीत कोण कोण बसतं ते तुम्हाला माहीत असेल.

दोन, बॅकअप. मेन्यूतलं एक्स्पोर्ट २ जीबीच्या वर चालत नाही, ११ जीबीला उपयोग नाही. सरळ प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचं टपाल आणि सेटिंग्ज ज्यात असतात ते) उचला. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे 'ओपन फोल्डर'. ते फोल्डर कुठे आहे लिहून ठेवा, थंडरबर्ड बंद करा, आणि अख्खं पोर्टेबल डिस्कवर. बंद न करता कॉपी केलंत तर अर्धवट वही मिळेल.

सदाशिव_पेठी:

आणि बाहेरची चित्रं आपोआप उतरवायची नाहीत, ते थंडरबर्डमध्ये मुळातच बंद असतं, तसंच राहू द्या. त्या चित्रांतून पाठवणाऱ्याला कळतं की पत्र उघडलं. (हो, मी कालपासून थंडरबर्ड टाकून बघतोय. कुणी काही बोलू नये.)

टंकाळा:

:)

रानजाई:

मंडळी, हा शेवटचा अहवाल.

थंडरबर्डच घेतला. ईएम क्लायंट बाबांना आवडला होता, "हा नीटनेटका आहे" म्हणाले, पण सोसायटीचं काम खासगी की नाही यावर त्यांनी स्वतःच स्वतःविरुद्ध निकाल दिला. नियम म्हणजे नियम.

जुनं टपाल सात गठ्ठ्यांत आत घेतलं, पूर्ण रविवार गेला. काही पत्रं दोनदा आली, ती राहू दिली. 'कपाट'चा फिल्टर चालू आहे, त्याला त्यांनी 'गोदरेज' असं नाव दिलंय. अँटिव्हायरसचा चौकोन, प्रायमरी पासवर्ड, सगळं केलं. प्रायमरी पासवर्ड त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, त्याबद्दल इथे कुणी मला बोलू नका, मी घरी बोलून झाले आहे.

योगेश फॉन्ट टाकल्यावर २००५मधली पत्रं वाचता यायला लागली. बाबांनी पहिलं काय उघडलं असेल? पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरून तेव्हाच्या चेअरमनशी झालेला पत्रव्यवहार, १४ पत्रं. "हे बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं." येत्या सभेत छापून वाटणार आहेत.

वऱ्हाडी_ठेचा:

भाऊची यूडोरा उघडली. पत्रं आहेत. अटॅचमेंट मात्र नाहीत, त्या वेगळ्या फोल्डरात जात होत्या म्हणे, ते सीडीवर घ्यायचंच राहिलं. काका, नोटपॅडवाली गोष्ट खरी निघाली.

पाहुणा_कलाकार:

छान धागा, उशिरा वाचला. मॅकसाठी यातलं काय चांगलं?

जुनाखोड:

मॅकवर ॲपल मेल आहेच, थंडरबर्ड आणि ईएम क्लायंटही चालतात. बाकीसाठी नवीन धागा काढा, इथे आता टाकीचा विषय निघाला आहे. रानजाई, चेअरमनचं उत्तर काय होतं?